एका मोटार-नाममुद्रेचा ऱ्हास : ‘प्रीमियर’, ‘फियाट’ आणि ‘काळीपिवळी’

१. विषयप्रवेश

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. वऱ्हाडच्या ह्या भागात प्रवासाची गोष्ट निघाली, की ‘काळीपिवळी’ हा शब्द आल्यावाचून राहत नाही. एस. टी. चुकलेला मनुष्य काळीपिवळीने जातो. काळीपिवळी माणसे भरल्याखेरीज हलत नाही. आणि बाजाराच्या दिवशी काळीपिवळीच्या टपावर सामानाबरोबर माणसेही दिसतात. येथे ह्या शब्दाचा अर्थ माणशी भाडे घेऊन गावोगाव फिरणारी जीप किंवा तिच्यासारखी गाडी असा आहे. तोच शब्द मुंबईत उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मीटरवर चालणारी लहान टॅक्सी उभी राहते. आणि ऐकणारा चाळिशी ओलांडलेला असेल, तर त्या टॅक्सीला तो बहुधा ‘फियाट’ म्हणतो.

ज्या गाडीमुळे ‘काळीपिवळी’ ह्या शब्दास मुंबईत एवढी प्रतिष्ठा लाभली, ती गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स ह्या कंपनीने घडविली. कंपनीची स्थापना १९४४ मध्ये झाली. २०२१ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरी कायद्याखालील कारवाई सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तिची शेवटची टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळे मुंबईच्या रस्त्यावरून उठली. एके काळी जी गाडी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तिला पुढे गिऱ्हाईक उरले नाही.

मालाचा खप का घटतो, हा प्रश्न मुख्यतः अर्थशास्त्राचा आहे. तथापि नाममुद्रा, म्हणजे बाजारात मालाला दिलेले विशिष्ट नाव, हा एक शब्दही असतो, आणि शब्द म्हणून त्याला भाषेचे नियम लागू होतात. प्रीमियरचा ऱ्हास नावामुळे झाला, असे म्हणता येणार नाही. नाव हे येथे कारण नव्हे, लक्षण होय. परंतु हे लक्षण रोगाच्या फार आधी दिसत होते. लोक त्या गाडीला निर्मात्याच्या नावाने कधीच ओळखत नव्हते. प्रथम त्यांनी तिला परदेशी नावाने ओळखले आणि पुढे तिच्या धंद्याच्या रंगाने. ह्या दोन नावांतच त्या व्यवसायाचे दोन परावलंबी आधार उघड झाले होते. प्रस्तुत लेखात हे विवेचन अनुक्रमाने केले आहे.

२. कारखान्याची उभारणी

प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे मूळचे सोलापूरचे. आगबोटी, विमाने आणि मोटारी ह्या तिन्ही वाहनांचे कारखाने ह्या देशात निघावेत, हा त्यांचा ध्यास होता. बंगलोरचा विमान-कारखाना व विशाखापट्टणची जहाज-गोदी ही त्यांच्याच उद्योगाची फळे होत. मोटारींसाठी त्यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व प्लिमथ ह्या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज काय आणि प्लिमथ काय, दोन्ही गाड्यांचा सांगाडा व यंत्र बव्हंशी एकच असे. पुढची जाळी, चिन्ह आणि नाव एवढाच काय तो भेद. नाव हे वस्तूच्या अंगचे नसून वरून चिकटविलेले असते, ही गोष्ट ह्या उद्योगात आरंभापासूनच अशी उघड होती.

स्वातंत्र्यानंतर शासनाचे धोरण परदेशी सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांस प्रतिकूल झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांच्यापाशी देशातच भाग तयार करण्याची योजना नव्हती अशा कंपन्यांस व्यवसाय आटोपावा लागला. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्या दोन बलाढ्य कंपन्या तेव्हा भारतातून गेल्या. उरलेल्या मोजक्या देशी कारखान्यांत उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि कुर्ल्याची प्रीमियर ह्या दोन प्रमुख ठरल्या. मोठ्या अमेरिकन गाड्या सामान्य भारतीय गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. यास्तव प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडला. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत फियाटची छोटी ‘पाचशे’ आणि १९५४ पासून ‘अकराशे’ ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ च्या सुमारास ‘अकराशे डी’ हा नमुना आला; त्यातील ‘डी’ ह्या अक्षराशी जुळणारे ‘डिलाइट’ हे नाव भारतात रूढ झाले.

हाच तो नमुना, जो पुढे सुमारे पस्तीस वर्षे जवळजवळ त्याच अंगलटीने विकला गेला. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे साधे इंजिन. सुकाणूच्या दांड्यावरच बसविलेली गिअरची मूठ. आणि त्यामुळे पुढच्या बाजूस मिळणारे सलग आसन. इटलीत अकराशेची ही मालिका १९६९ पर्यंत बंद झाली. कुर्ल्यात मात्र तिचे आयुष्य नुकते कोठे सुरू झाले होते.

३. नामांतर आणि त्याचे अपयश

फियाटशी असलेला करार १९७२ मध्ये संपला. गाडी तीच राहिली. परंतु तिच्यावर फियाटचे नाव लावण्याचा अधिकार उरला नाही. प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे तिचे नामकरण झाले. चितोडच्या राणीचे स्मरण करून देणारे हे नाव शब्द म्हणूनही निर्दोष होते. संस्कृतात ‘पद्मिनी’ म्हणजे कमळवेल किंवा कमळांनी भरलेले तळे. उच्चार सोपा, अर्थ शुभ, आणि देशातील बहुतेक भाषांस तो परिचित. नाव निवडणाऱ्यांची चूक झाली, असे म्हणता येत नाही.

मराठीच्या दृष्टीने त्यात आणखी एक सोय होती. मराठीत परकी नामे येतात तेव्हा त्यांचे लिंग बहुधा त्या जातीच्या वस्तूस रूढ असलेल्या शब्दावरून ठरते. ‘गाडी’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे बस, जीप, टॅक्सी, मोटार ही सारी नामे स्त्रीलिंगी झाली, आणि ‘फियाट’ही ‘ती फियाट’ झाली. (ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर ह्या माल वाहणाऱ्या व ओढणाऱ्या वाहनांस मात्र पुल्लिंग मिळाले, हे लक्षणीय आहे.) ह्या नियमाचा जोर किती आहे, ते १९८३ नंतर दिसून आले. ‘मारुती’ हे देवाचे नाव निःसंशय पुल्लिंगी. परंतु गाडीचे नाव होताच मराठी माणूस ‘मारुती घेतली’ असे म्हणू लागला. देवळातला मारुती आणि दारातली मारुती ह्यांत कोणाचा घोटाळा झाला नाही. ‘पद्मिनी’ला असे लिंगांतरही करावे लागणार नव्हते, ती मुळातच स्त्रीलिंगी होती.

असे असूनही लोकांच्या तोंडी ‘फियाट’च राहिली. नव्याने कागदोपत्री ‘पद्मिनी’ घेणारा गृहस्थ शेजाऱ्यास ‘फियाट घेतली’ असे सांगे. गॅरेजमधला कारागीर ‘फियाटचे काम’ म्हणे. सुटे भाग विकणारा ‘फियाटचा माल’ ठेवी. ‘पद्मिनी’ हे नाव रुळावयास बराच काळ गेला, आणि ‘प्रीमियर’ हा शब्द तर त्या गाडीचे नाव म्हणून बोलण्यात क्वचितच आला. ‘प्रीमियरमध्ये नोकरीस आहे’ असे कुर्ल्याचा कामगार म्हणे. ‘प्रीमियरमधून आलो’ असे गाडीत बसून येणारा म्हणत नसे. ‘प्रीमियर’ हे कारखान्याचे नाव राहिले, गाडीचे झाले नाही.

ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. भाषेत नवे नाव तेव्हाच रुजते, जेव्हा ते नवा भेद दाखविते. १९७२ पूर्वीची गाडी आणि १९७४ नंतरची गाडी ह्यांत बोलणाऱ्याला भेद दिसत नव्हता; मग त्याने दुसरा शब्द का वापरावा? ज्या नामांतरामागे वस्तूचे रूपांतर नाही, ते भाषा सहसा स्वीकारीत नाही. वीस-बावीस वर्षे ज्या नावाने गाडी ओळखली गेली ते नाव दुसऱ्याच्या मालकीचे होते. एवढ्या काळात मिळविलेला लौकिक अशा रीतीने एका परक्या शब्दाच्या खाती जमा झाला होता, आणि करार संपताच तो कायद्याने परका झाला.

४. खपाचे दोन आधार

नाव पक्के नसतानाही गाडी खपत होती, ह्याचे रहस्य दोन गोष्टींत आहे.

पहिला आधार परवाना-पद्धतीचा. कारखान्याने किती गाड्या काढावयाच्या, ह्याला शासनाची अनुज्ञा लागे, आणि नव्या कारखान्यास प्रवेश जवळजवळ नव्हता. १९८० च्या आगेमागे साऱ्या देशात वर्षाकाठी तयार होणाऱ्या मोटारींची संख्या तीस ते चाळीस हजारांच्या घरात होती. मागणी तिच्याहून कितीतरी अधिक. गिऱ्हाइकाने नाव नोंदवावे, अनामत भरावी, आणि वाट पाहावी, अशी रीत होती. अशा बाजारात गिऱ्हाईक गाडी निवडीत नाही, गाडी मिळते. जेथे निवड नाही, तेथे नाममुद्रेला काम नाही. कारण नाममुद्रेचे कार्य अनेकांतून एक वेगळी दाखविणे हे होय. दोन-तीनच गाड्या असताना ‘अम्बॅसडर की फियाट’ एवढा प्रश्न पुरेसा होता, आणि त्यासाठी जुने नाव चालण्यासारखे होते.

दुसरा आधार मुंबईच्या टॅक्सीचा. कलकत्त्याने टॅक्सीसाठी अम्बॅसडर पसंत केली, तर मुंबईने फियाट. गाडी अंगाने लहान असल्यामुळे गर्दीच्या रस्त्यांतून सहज निघे. यंत्र इतके साधे, की रस्त्याकडेच्या कारागिराला ते उघडून पुन्हा बसविता येई. सुटे भाग स्वस्त आणि कोठेही मिळणारे. टपावर लोखंडी कॅरिअर चढविला, की परगावी निघालेल्या कुटुंबाचे सामान त्यावर मावे. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने गाडी हे उपजीविकेचे भांडवल असते. बिघाड झाला तर त्याच दिवशी दुरुस्त होऊन संध्याकाळी पुन्हा धंद्याला लागणे, हा त्याच्या लेखी गाडीचा सर्वांत मोठा गुण. हा गुण प्रीमियरच्या गाडीत खरोखरच होता, आणि तो तिच्या जुनेपणामुळेच होता. एकच नमुना वर्षानुवर्षे चालत राहिला, म्हणून त्याची विद्या सर्व गॅरेजांत पसरली. जे कारखान्याचे आळस म्हणून दिसते, ते टॅक्सीवाल्याच्या संसाराचे स्थैर्य होते. ह्या बाबीचा विचार न करता त्या गाडीस केवळ कालबाह्य ठरविणे अन्यायाचे होईल.

५. ऱ्हासाचा क्रम

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, आणि पहिला आधार खचू लागला. आता गिऱ्हाइकापुढे हलकी, कमी पेट्रोल खाणारी, नव्या बनावटीची गाडी होती. घरगुती वापरासाठी गाडी घेणारा मध्यमवर्गीय मनुष्य थोड्याच वर्षांत तिकडे वळला. प्रीमियर स्वस्थ बसली नाही. १९८५ मध्ये तिने फियाटच्याच जुन्या ‘१२४’ ह्या गाडीच्या सांगाड्यात निस्सान कंपनीच्या बनावटीचे इंजिन बसवून ‘११८ एन.ई.’ ही गाडी काढली. पद्मिनीची डिझेलवर चालणारी आवृत्तीही निघाली. परंतु ‘११८ एन.ई.’ हे नाव म्हणजे आकडा आणि अक्षरे. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते, आणि मागे घेण्यासारखा जुना लौकिकही नव्हता. गाडी काही काळ चालली. नाव मात्र लोकांत रुजले नाही.

१९९३ मध्ये मोटारींच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले, आणि परदेशी कंपन्यांस दार मोकळे झाले. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात तिची ‘३०९’ ही गाडी काढली. दुसरीकडे फियाटशी पुन्हा संबंध जोडून ‘ऊनो’ आणली. परंतु कल्याणच्या कारखान्यात कामगारांशी तंटे उद्भवले, भांडवलाची ओढाताण झाली, आणि १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली. कुर्ल्याचा कारखाना फियाटच्या उद्योगाकडे गेला. ज्या कंपनीचे नाव प्रीमियरने वीस वर्षांहून अधिक काळ घरोघर पोहोचविले, तीच आता तिच्या वास्तूत स्वतःच्या नावाने गाड्या काढू लागली. पद्मिनीचे उत्पादन २०००–२००१ च्या सुमारास थांबले.

आता दुसरा आधार, म्हणजे टॅक्सी, तेवढा उरला होता. आणि तो नव्या विक्रीचा नव्हे, जुन्या गाड्यांच्या आयुष्याचा होता. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. शासनाने टॅक्सींस २००८ मध्ये २५ वर्षांची वयोमर्यादा घातली, आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. ह्या हिशेबाने शेवटच्या पद्मिनी-टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, लोकांनी छायाचित्रे काढली, आणि एखादी तरी गाडी संग्रहालयात ठेवावी अशा सूचनाही झाल्या. गाडीविषयी एवढी आपुलकी क्वचितच दिसते. परंतु ती गाडीच्या शेवटाविषयीची होती. कंपनीची आठवण त्यात फारशी कोणास झाली नाही.

६. ‘रिओ’चा प्रयोग

मधल्या काळात कंपनीने नाव संक्षिप्त करून ‘प्रीमियर लिमिटेड’ केले होते, आणि चिंचवड येथे यांत्रिक आयुधांच्या निर्मितीवर भर दिला होता. २००९ च्या डिसेंबरात ती मोटारींच्या बाजारात परत आली. चीनमधील झोट्ये कंपनीच्या गाडीचे भाग आणून तिने चिंचवडला ‘रिओ’ ही गाडी जुळविण्यास आरंभ केला. चार मीटरांहून कमी लांबीची, परंतु उंच बांध्याची आणि खडबडीत रस्त्याला चालेल अशी ही गाडी होती. ह्या कल्पनेत दूरदृष्टी होती, हे नाकारता येत नाही. कारण नेमक्या ह्याच आकाराच्या उंच गाड्यांचा पुढील दशकात देशभर सुकाळ झाला. प्रीमियर ह्या बाजारात इतरांच्या आधी उतरली होती.

तरीही रिओचा खप थोडकाच राहिला, आणि काही वर्षांत ती बाजारातून नाहीशी झाली. विक्रेत्यांचे जाळे विरळ, दुरुस्तीची सोय मोजक्या ठिकाणी, आणि जाहिरातीस भांडवल अपुरे, ही उघड कारणे होत. पद्मिनीचे बळ होते तिची सर्वत्र पसरलेली दुरुस्ती-विद्या. रिओपाशी नेमके तेच नव्हते. ह्यांशिवाय एक कारण भाषेचे होते. ‘प्रीमियरची गाडी’ हे शब्द उच्चारताच गिऱ्हाइकाच्या मनात जो विश्वास जागा व्हावयास हवा होता, तो जागा झाला नाही. कारण तो विश्वास ‘फियाट’ ह्या शब्दात साठविला गेला होता. चाळीस-पन्नास वर्षे गाड्या विकलेली कंपनी नवख्या दुकानदाराप्रमाणे उभी राहिली.

७. तीन तुलना

प्रीमियरच्या दैवाचा अर्थ नीट ध्यानात यावा, म्हणून आणखी तीन नावे पाहू.

पहिले नाव ‘अम्बॅसडर’. ही गाडीही जुनी, तीही स्पर्धेत मागे पडलेली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु गाडी बंद झाल्यावर २०१७ मध्ये तिचे नुसते नाव ८० कोटी रुपयांस विकले गेले, आणि ते घेणारी कंपनी, एके काळी प्रीमियरची भागीदार असलेली प्यूजो. ह्याचा अर्थ असा, की वस्तू संपली तरी नावात मोल उरू शकते. मात्र त्यासाठी ते नाव लोकांच्या जिभेवर असावे लागते आणि मालकी निर्मात्याची असावी लागते. ‘फियाट’च्या बाबतीत पहिली अट पुरी होत होती, दुसरी नाही, ‘प्रीमियर’च्या बाबतीत दुसरी होत होती, पहिली नाही.

दुसरे नाव ‘टेम्पो’. हा मूळचा जर्मनीतील हँबुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकी मालगाडीचा शब्द. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, आणि मराठीत ‘टेम्पो’ हा शब्द इतका मुरला, की तो विशेषनाम होता ह्याची जाणीवही उरली नाही. कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी म्हणजे टेम्पो. ‘टेम्पोवाला’, ‘टेम्पोभाडे’, ‘दोन टेम्पो माल’ असे त्याचे साधित शब्द व प्रयोग सिद्ध झाले. कंपनीने मात्र २००५ मध्ये आपले नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले. ‘टेम्पो’ हा शब्द विशेषनामातून सामान्यनामात गेला होता. आणि सामान्यनामावर कोणाचीच मालकी नसते. नाव फार रुजले, तर तेही निर्मात्याच्या हातून निसटते, हा ह्या उदाहरणाचा बोध.

तिसरे नाव ‘जीप’. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस ह्या अमेरिकन कंपनीच्या जीप-गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि पोलीस, महसूल व वन खात्यांच्या द्वारे हा शब्द खेडोपाडी गेला. पुढे जीप ह्या नाममुद्रेची मालकी ज्या परदेशी समूहाकडे गेली, त्याच समूहात फियाटही आली. त्याने २०१७ पासून पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यात ‘जीप’ ह्या नाममुद्रेची ‘कम्पास’ ही गाडी तयार करण्यास आरंभ केला. ‘फियाट’ ह्या नावाच्या मोटारींची विक्री मात्र थोड्याच वर्षांत भारतातून बंद झाली. रांजणगावच्या ह्या जीपचाही पहिल्या वर्षांतील खपाचा जोर पुढे टिकला नाही. किंमत, स्पर्धा, नव्या नमुन्यांचा अभाव ही त्याची व्यावहारिक कारणे आहेतच. परंतु महागडी गाडी म्हणून ‘जीप’ विकावयाची, ती अशा देशात, जेथे तलाठ्यापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांस जीप म्हणजे मागे बाके असलेली साधी कामाची गाडी एवढेच ठाऊक, ही अडचणही लहान नव्हे.

ह्या तुलनेतून एक सूत्र हाती येते. नाममुद्रेचे आरोग्य दोन टोकांच्या मध्ये असते. लोकांच्या बोलण्यात ती मुळीच आली नाही, तर ती ‘प्रीमियर’प्रमाणे कागदावर राहते, पूर्णपणे विरघळली, तर ‘टेम्पो’प्रमाणे सर्वांची होते. ह्या दोहोंच्या मधली जागा थोड्यांनाच लाभते, आणि तीही जपावी लागते.

८. ‘काळीपिवळी’चे व्याकरण

आता पुन्हा आरंभीच्या शब्दाकडे वळावयास हवे. ‘काळी’ आणि ‘पिवळी’ ही दोन विशेषणे; त्यांचे विशेष्य ‘गाडी’ किंवा ‘टॅक्सी’ हे अध्याहृत. एस. टी. च्या तांबड्या गाडीला ‘लालपरी’ म्हणतात, त्यात ‘परी’ हे नाम तरी आहे. येथे नाम मुळीच नाही, नुसते रंग आहेत. मुंबईत टॅक्सीचा परवाना असलेल्या गाडीची खूण म्हणून हे रंग आले, आणि रंगावरूनच नाव पडले.

हा शब्द आता दोन विशेषणांचा जोड राहिला नसून एकच नाम झाला आहे, ह्याचा पुरावा त्याच्या सामान्यरूपात मिळतो. विशेषण म्हणून वापरताना मराठी मनुष्य ‘काळ्यापिवळ्या गाडीने’ असे म्हणेल. कारण विभक्तीचा प्रत्यय पुढे आला की ‘काळी’चे ‘काळ्या’ होते. परंतु किन्हीराजाहून मालेगावला जाणारा प्रवासी ‘काळीपिवळीने गेलो’ असेच म्हणतो. पहिल्या पदात विकार होत नाही. ज्या क्षणी ‘काळ्या’ म्हणावयाचे भाषेने सोडले, त्या क्षणी तो शब्द रंगाचा न राहता वस्तूचा झाला. म्हणूनच उद्या गाडीचा रंग बदलला तरी शब्द टिकण्यास अडचण नाही. आणि गाडी बदलली असतानाही तो टिकला आहे, हे तर दिसतेच. मुंबईत पद्मिनी गेली, तिच्या जागी दुसऱ्या कंपन्यांच्या छोट्या गाड्या आल्या, त्याही काळ्यापिवळ्या. वऱ्हाडात तो शब्द जीपला आणि मग जीपसारख्या इतर गाड्यांना लागला.

ह्या शब्दात निर्मात्याचा निर्देश मुळीच नाही. ‘फियाट’ ह्या नावात निदान कोणत्या तरी कारखान्याचा उल्लेख होता. ‘काळीपिवळी’त फक्त परवान्याचा, म्हणजे धंद्याचा आहे. पद्मिनी ही घरगुती गाडी न राहता केवळ टॅक्सी होऊन बसली, हे आकडे मांडून सिद्ध करण्यापूर्वी बोलीने नोंदवून ठेवले होते. गाडीचे गिऱ्हाईक एकाच वर्गाचे उरले, की तिचे नावही त्या वर्गाचे होते. आणि त्या वर्गाला शासनाने मुदत घातली, की गाडीलाही मुदत लागते.

९. समारोप

प्रीमियरचे पुढे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर न्यायाधिकरणाच्या कागदांत आणि धनकोंच्या हिशेबांत आहे. मोटार म्हणून ते नाव पुन्हा रस्त्यावर येईल, असे मानण्यास आधार फार थोडा. आलेच, तर ‘प्रीमियर’ म्हणून येण्यापेक्षा ‘पद्मिनी’ म्हणून येण्यात अधिक अर्थ आहे. कारण शेवटच्या दोन दशकांत, गाडी विरळ होत गेली तसतसे, ते नाव लोकांच्या स्मरणात हळूहळू स्थिर झाले. अनेक वस्तूंचे नाव त्यांच्या उतारवयात पक्के होते, तसे हे झाले.

‘प्रीमियर’ हा शब्द अगदी नष्ट झाला, असे मात्र नाही. कुर्ल्यात ‘प्रीमियर रोड’ आहे. कारखान्याच्या जागी आता वसाहती उभ्या आहेत. डोंबिवलीत ‘प्रीमियर मैदान’ आहे, आणि तेथे सभा भरतात. गाडीचे नाव होण्यात जे त्या शब्दास साधले नाही, ते स्थलनाम होण्यात साधले. त्या रस्त्याने व मैदानावरून जाणाऱ्या तरुणांस येथे एके काळी मोटारी होत होत्या, ह्याची कल्पना असेलच असे नाही. परंतु ज्यांची उमेद त्या फाटकातून आत-बाहेर जाण्यात सरली, त्या कामगारांच्या घरी ‘प्रीमियर’ हे अजूनही रस्त्याचे वा मैदानाचे नाव नसून कंपनीचेच नाव आहे.

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा. खप घटला, हे हिशेबाच्या वहीत उशिरा दिसते; लोक वस्तूला कोणत्या नावाने हाक मारतात, त्यात ते आधी दिसते. दुसऱ्याचे नाव लावून मिळविलेला लौकिक शेवटी दुसऱ्याचाच होतो, आणि एकाच धंद्याच्या आधारावर उभे राहिलेले नाव त्या धंद्याबरोबर उठते. आज जे लहान कारखाने परदेशी नमुने आणून देशी चिन्हाखाली गाड्या काढू पाहतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. किन्हीराजाच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशास ह्यातील काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याची काळीपिवळी भरली, की ती निघते.